घोडी शोमनशिपला उभी केली की कान का पाडते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, बरीच वर्षं ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, फोर-एचच्या हॉर्स क्लबमध्ये आहे आणि या उन्हाळ्यात काउंटी फेअरला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेला, शोमनशिपमध्ये उतरायचं म्हणून तयारी करतेय. घोडी क्वार्टर हॉर्स आहे, ९ वर्षांची, नाव पेनी. गेल्या हिवाळ्यात घेतली. एरवी गरीब आहे, बसायला पण छान, पण हातात धरून शोमनशिपची प्रॅक्टिस सुरू झाली की तिचं तोंड वाकडं होतं. कान मागे, शेपटी आपटते, चौरस उभी करायला गेलं की डोकं झटकते, आणि परवा तर मुलीच्या बाहीला दात लावले. बार्नमधल्या एक बाई म्हणतात साखळीचा एक चांगला झटका दे, सरळ होईल. दुसरे म्हणतात मेअर (म्हणजे घोडी, मादी) आहे, मेअर अशाच असतात. मुलगी घरी येऊन रडते, म्हणते पेनीला मी आवडतच नाही. मला घोड्यांतलं काही कळत नाही, काय करू?
– एक आई, ओहायो

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, साखळीचा झटका आजपासून बंद. का ते खाली सांगतोच, पण पत्र वाचल्यावर आधी हेच सांगावंसं वाटलं. आणि लेकीला सांगा की घोडी तिच्यावर रुसलेली नाहीये. घोडीला काहीतरी खुपतंय आणि ते सांगायला तिच्याकडे कान, शेपटी आणि दात एवढंच आहे. काय खुपतंय ते शोधायचं काम आपलं.

ज्यांना शोमनशिप माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. यात घोड्यावर बसायचं नसतं, तोंडावर मोरखी घालून तिला जोडलेला लीड, म्हणजे धरून न्यायची दोरी (तिच्या टोकाला बऱ्याचदा घोड्याच्या हनुवटीखालून जाणारी साखळी असते), हातात धरून घोडा जजला दाखवायचा असतो, आणि मार्क घोड्याच्या रूपाला नसतात, धरणाऱ्याच्या कसबाला असतात. ठरवून दिलेला पॅटर्न असतो, म्हणजे चालवत न्यायचा, दुडक्या चालीने पळवायचा, थांबवायचा, मागे सारायचा, जागच्या जागी वळवायचा, आणि मग चारही पाय चौरस ठेवून उभा करायचा, की जज चहूबाजूंनी फिरून बघतो. फोर-एच ही अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या एक्स्टेन्शन खात्यामार्फत चालणारी मुलांची चळवळ, आणि तिची सुरुवात १९०२ साली ओहायोतल्याच क्लार्क काउंटीत झाली, त्यामुळे तुमच्या आसपास जुनी जाणती मंडळी भरपूर सापडतील, त्यांना विचारायला लाजू नका.

आता पेनीबद्दल. आधी शरीर, मग आपले हात, मग प्रॅक्टिसची पद्धत, या क्रमानेच जायचं. लोक उलटं करतात, आधी शिस्त लावायला जातात आणि सहा महिन्यांनी कळतं की घोडीला दुखत होतं. तुम्ही लिहिलंय की बसायला छान आहे, म्हणून दुखणं नाही असं धरून चालू नका. बसल्यावर घोडं पुढे चालत राहतं, हालचालीत थोडं दुखणं झाकलं जातं. शोमनशिपमध्ये मात्र त्याला अगदी नेमकं थांबायला, एकेक पाय तोलायला आणि एका पायावर गिरकी घ्यायला लावतात, त्यामुळे बारीक दुखणंसुद्धा तिथे बाहेर पडतं.

एक आठवडा फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं. खरारा करताना पोटाकडे हात गेला की कान मागे जातात का, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना वळून बघते का, मोरखी घालताना डोकं वर नेते का, साखळी दिसली की लगेच चेहरा बदलतो का, की फक्त पळवताना, की फक्त वळताना, की फक्त चौरस उभं करताना. "प्रॅक्टिसला चिडते" एवढ्याने काही कळत नाही, नेमक्या कुठल्या क्षणी चिडते ते कळलं की अर्धं काम झालं.

पोटाकडे हात नेल्यावर किंवा तंग आवळताना चिडत असेल तर जठरातल्या अल्सरचा संशय घ्या. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास तयार होत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. ते सौम्य करायला लाळ लागते आणि लाळ सुटते ती चावताना. म्हणजे घोडं स्टॉलमध्ये उभं आहे, सकाळी थोडं गवत, संध्याकाळी थोडं गवत, मधे रिकामं, की आम्ल जठराच्या वरच्या भागाला लागतं, जिथे त्याला संरक्षण फारसं नसतं. घर बदललं, ट्रेलरमधून प्रवास झाला, सोबती बदलले, यानेही अल्सर होतात, आणि तुमची घोडी हिवाळ्यातच नव्या जागी आलीये. ५०० किलोच्या घोडीला दिवसाला साधारण साडेसात ते दहा किलो चारा, म्हणजे वजनाच्या दीड ते दोन टक्के, मिळायलाच हवा, तोही दिवसभर तुकड्या-तुकड्याने, आणि प्रॅक्टिसच्या आधी अर्धी टोपली लसूणघास, तुमच्याकडचं अल्फाल्फा, खायला दिलं तर पोट रिकामं राहत नाही आणि त्यातल्या कॅल्शियममुळे आम्ल थोडं दबतं. नक्की निदान एंडोस्कोपीनेच होतं आणि औषध पशुवैद्यच देतील, आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलची पेस्ट दुकानातून आणून स्वतःच सुरू करू नका.

दात वर्षातून एकदा तपासायचे, दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला लागत असतील तर गालावर बसणारा मोरखीचा पट्टासुद्धा खुपतो. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतोय ना ते बघा. आणि क्वार्टर हॉर्स आहे म्हणून आणखी एक, या जातीत पीएसएसएम नावाचा स्नायूंचा आनुवंशिक आजार आढळतो, स्नायू दुखतात, आखडतात, अंगाला हात लावलेला सोसत नाही आणि लोक म्हणतात घोडी किरकिरी आहे. त्याचा जो पहिला प्रकार आहे त्याची जनुकीय तपासणी आयाळीच्या केसांवरून होते. साखर आणि स्टार्च कमी असलेला आहार आणि रोजची हालचाल यावर अशी घोडी छान राहते.

वळण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे दुखणं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शोमनशिपमध्ये मोठं वळण नेहमी उजवीकडे घेतात, म्हणजे आपण घोडीला आपल्यापासून दूर ढकलत वळवतो, आणि ती उजवा मागचा पाय रोवून त्याच्याभोवती फिरते. सगळा भार त्या एका पायावर. आता घोडी चालते छान, पळते छान, पण वळायला लागली की कान मागे आणि शेपटीचा फटका, असं असेल तर त्या पायाचा हॉक (मागच्या पायाचा मधला सांधा) आणि गुडघा, तिकडे स्टायफल म्हणतात तो, डॉक्टरांकडून नीट बघून घ्या. अशा घोडीला "पिव्होट येत नाही" म्हणून रोज वीस-वीस वळणं घ्यायला लावतात, आणि मग ती चावायला लागते.

मेअर अशाच असतात हे वाक्य मला अजिबात पटत नाही. घोडी वसंतापासून शरदापर्यंत, दिवस मोठे असताना, साधारण २१ दिवसांच्या चक्राने माजावर येते आणि त्यातले पाच ते सात दिवस माज असतो. त्या दिवसांत काही घोड्या हळव्या होतात हे खरं, म्हणून वहीत तारखाही लिहा, पण रोजच कान मागे असतील तर ते माजाच्या खात्यात टाकून मोकळं होता येणार नाही. चिडचिड दर तीन आठवड्यांनी येते-जाते असं दिसलं तर डॉक्टरांशी बोला. आणि हे नीट लक्षात ठेवा ताई, माज थांबवायला ऑल्ट्रेनोजेस्ट नावाचं तोंडाने द्यायचं औषध तिकडे सर्रास वापरतात, ते माणसाच्या कातडीतून आत शिरतं आणि बायकांच्या, मुलींच्या पाळीवर परिणाम करतं. डॉक्टरांनी दिलंच तर मुलीला त्याला हात लावू देऊ नका, देणाऱ्या मोठ्या माणसानेही योग्य हातमोजे घालूनच द्यायचं, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने त्याच्या जवळही जाऊ नये.

दुखणं चेहऱ्यावरून ओळखता येतं. २०१४ साली संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, हॉर्स ग्रिमेस स्केल, त्यात सहा गोष्टी बघतात : कान ताठ मागे वळलेले, डोळा आक्रसलेला, डोळ्याच्या वरचा भाग ताणलेला, चावायचे स्नायू फुगून दिसणारे, तोंड घट्ट आणि हनुवटी टोकदार, नाकपुड्या ताणलेल्या. घोडी स्टॉलमध्ये निवांत असताना, कुणी तिला काही करायला सांगत नसताना मोबाइलवर चेहऱ्याचा व्हिडिओ घ्या. तिथेही असाच चेहरा दिसला तर ही चिडचिड प्रॅक्टिसची नाही, दुखण्याची आहे, आणि तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.

समजा डॉक्टर बघून गेले, सगळं ठीक निघालं. तर मग हात.

घोडं शिकतं ते दाब सुटल्यावर, दाब दिल्यावर नाही. लीडला हलका दाब दिला, घोडीने हवं ते केलं, त्याच क्षणी दाब सोडला, तर तिला कळतं की हेच हवं होतं. सोडलाच नाही तर तिला कधीच कळत नाही की आपलं बरोबर झालं, आणि कुणी दिवसभर बोटाने टोचत राहिलं तर आपण जसे वैतागू तशी ती वैतागते. शोमनशिपच्या मुलांचं बघा, डोळे जजकडे, मन पॅटर्नमध्ये, आणि हात लीडवर सतत ताणलेला. हनुवटीखालची साखळी सैल अशी कधी सुटतच नाही.

चौरस उभं करताना लेकीने हे करून बघावं. लीड साध्या दोरीचा घ्यायचा, साखळी नको. घोडीच्या समोर नाही, डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे तिरकं उभं राहायचं, उजव्या हातात लीड, उरलेला लीड डाव्या हातात घडी करून, हाताला कधीच गुंडाळायचा नाही. आधी मागचा उजवा पाय जागेवर आणायचा, बाकीचे त्याला जुळवायचे. समजा डावा पुढचा पाय एक वीत पुढे आलाय. लीडने मागे आणि किंचित बाजूला हलका दाब द्यायचा आणि पायाकडे न बघता खांद्याकडे बघायचं. खूर उचलायच्या आधी घोडी वजन सरकवते, खांद्याचा स्नायू जरासा हलतो. तो हलला की दाब सोडायचा! खूर नीट पडेपर्यंत थांबायचं नाही. सुरुवातीला खूर भलतीकडे पडेल, पडू दे, परत हलका दाब, परत खांदा हलताच सोडायचं. थोड्या दिवसांत ती बोटभर दाबाला पाय हलवायला लागते आणि तेव्हा कान बघा, मागे जाण्याऐवजी एक कान लेकीकडे वळलेला दिसेल, म्हणजे ती ऐकतेय. आणि चारही पाय चौरस पडले की तिथे तिला ताटकळत ठेवायचं नाही, तीन-चार सेकंद, मानेवर हात आणि लगेच चालवत न्यायचं. चौरस उभं राहिलं की सुटका होते हे तिला समजलं पाहिजे. आत्ता बहुतेक तिला असं वाटतंय की चौरस उभं राहिलं की खरा त्रास सुरू होतो, म्हणजे आणखी दुरुस्त्या, आणखी झटके.

दुसरी जागा म्हणजे बाजू बदलणं. जज फिरत असताना धरणाऱ्याने बाजू बदलायची असते : जज घोड्याच्या पुढच्या अर्ध्या भागात असेल तर आपण त्याच्या विरुद्ध बाजूला, मागच्या अर्ध्या भागात गेला की त्याच्याच बाजूला, म्हणजे घोड्याने मागचं अंग फिरवलंच तर ते जजपासून लांब वळवता येतं. यात लेक परत परत घोडीच्या तोंडासमोरून जाते. घोड्याला बाजूला जवळजवळ सगळं दिसतं पण कपाळासमोर, नाकाच्या अगदी पुढे दिसत नाही. घाईने, साखळी हलवत, तोंडाला घासून कुणी गेलं की घोडी डोकं झटकते. म्हणून जाताना एक पाऊल लांबून, हात खाली, चाल सावकाश, आणि जजशिवाय नुसती ही ये-जा वेगळी करून घ्यायची, दोन फेऱ्या आणि बास.

पळवताना ओढायचं नाही. घोडीच्या गळ्याच्या रेषेत राहून आपण आधी पाऊल उचलायचं, जीभ टाळूला लावून आवाज करायचा, नाही आली तर मागून कुणीतरी मोठ्या माणसाने चाबकाची टोकदोरी नुसती हलवावी. पुढे राहून तोंड ओढलं की मान ताठ, कान मागे, हे ठरलेलंच.

आता साखळी. कान मागे गेले की झटका दिला तर घोडी काय शिकते? की ही मुलगी तोंडाजवळ आली की हनुवटीला लागतं. मग पुढच्या वेळी मुलगी जवळ येतानाच कान मागे जातात. किंवा आणखी वाईट, घोडी कान पुढे ठेवायला शिकते, सूचना द्यायची बंद होते आणि एक दिवस थेट चावते. कान मागे जाणं ही सूचना आहे, ती मिळतेय तोवर आपलं नशीब. दात लावायला आली तर मात्र गप्प राहायचं नाही, पण मारायचंही नाही, ताठ उभं राहून, कोपर बाजूला काढून, खणखणीत आवाजात तिला दोन पावलं मागे सारायचं आणि पुढचं काम सुरू. राग धरायचा नाही. मुलीने एकटीने हे करू नये, कुणीतरी मोठं माणूस रिंगणात असावं, आणि जमिनीवरसुद्धा हेल्मेट आणि जाड बूट घालावेत असं माझं ठाम मत आहे.

प्रॅक्टिसची वेळ कमी करा. दहा ते पंधरा मिनिटं खूप झाली, रोज नाही, आणि पूर्ण पॅटर्न रोज तर अजिबात नाही. घोडी हुशार असते, पॅटर्न तिला पाठ होतो, मग ती आधीच थांबते, आधीच वळते, त्यावर मुलगी तिला दुरुस्त करते, आणि दोघी वैतागतात. रिंगणाबाहेर न्या, शेताच्या कडेने चालवा, झाडाखाली एकदा चौरस उभं करा, चरायला सोडा. तिच्यासोबत काहीच न मागता वेळ घालवायला लेकीला सांगा, खरारा करताना खांद्याच्या वरचा भाग आणि आयाळीचं मूळ खाजवलं की बऱ्याच घोड्यांचा वरचा ओठ लांब होतो, डोळे अर्धे मिटतात. पेनीला कुठे खाजवलेलं आवडतं ते लेकीने शोधावं, आणि बाजू बदलून झाली की बक्षीस म्हणून तिथेच खाजवावं.

फेअरच्या दिवशी कान मागे गेलेच तर लेकीने थांबू नये, कानांकडे बघूही नये, दीर्घ श्वास घेऊन पुढची हालचाल करावी. जजला चिडलेल्या कानांपेक्षा घाबरलेला, ओढाताण करणारा हात जास्त खटकतो. आणि डॉक्टरांनी दुखणं सांगितलं तर या वर्षी फेअर नाही, एवढं तुम्ही आई म्हणून आत्ताच ठरवून टाका, म्हणजे ऐन वेळी रडारड होणार नाही.

प्रश्न : भाऊ राम राम. मी शहादा तालुक्यातला. घरी मारवाडी घोडी आहे, वय अडीच वर्षं, सारंगखेड्याला या वेळी दाखवायला न्यायची आहे. नुकतीच हातात धरून फिरवायला, चालीवर आणायला सुरुवात केली. चाबुकस्वार ठेवलाय, त्याने लगाम घातला की ती तोंड उघडते, जीभ काढते, पुढचा पाय आपटते, जवळ गेलं तर चावायला येते. तो म्हणतो कडक लगाम घातल्याशिवाय वठणीवर येणार नाही. घरच्या पोरांशी मात्र एकदम लाडात असते. काय समजावं?
– एक वाचक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : दादा, वय वाचलं आणि आधी तोंडच उघडून बघावंसं वाटलं. अडीच वर्षं म्हणजे मधले दुधाचे दात पडून पक्के यायचं वय, आणि पुढच्या दाढांचंही तेच, दुधाच्या दाढांच्या टोप्या याच सुमाराला निघतात. हिरड्या सुजलेल्या, दात हललेले, त्यात लोखंड. काही घोड्यांना दाढांच्या पुढे बारीकसा वुल्फ टूथ असतो, त्याच्यावर लगामाची कडी आपटली की कळ येते. पशुवैद्यांकडून तोंड बघून घ्या आणि तोवर लगाम पूर्ण बंद, सगळं काम मोरखीवर. तुम्हीच लिहिलंय की पोरांशी लाडात असते, पोरं काही लगाम घालत नसतील.

चाबुकस्वाराचा कडक लगाम म्हणजे काटेरी लगाम असेल, तर त्याचा विचार मनातून काढून टाका. जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचे १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीचे, त्यात काटे असलेल्या लगामाला स्पष्ट बंदी आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, काटेरी लगामाने मान वर धरलेली घोडी आणि आपणहून मान उंच ठेवलेली घोडी जाणत्या माणसाला लांबूनच वेगवेगळी दिसते. पहिलीचे डोळे विस्फारलेले, तोंडाला रक्ताळलेला फेस आणि पाठ आखडलेली असते. अडीच वर्षांच्या जनावराचं तोंड एकदा बिघडलं की पुढे दहा वर्षं तेच भोगावं लागतं.

दुसरं, ती दिवसभर कशी बांधलेली असते? अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोर बांधून, एका जागी उभी असेल तर सोडल्यावर ती नाचणार, पाय आपटणार, हे तिच्या वयाचं आहे. चिडकेपणा म्हणून त्यावर हात उगारायचा नाही. दोन वेळा मोकळं सोडा, वाडा नसेल तर लांब दोरीवर, पण गोल-गोल पळवू नका, या वयात सांधे कच्चे असतात. हरभरा भिजवून घालत असाल तर प्रमाण बघा, कामापेक्षा दाणा जास्त झाला की जनावर तापतं, त्यापेक्षा कडबा, गवत आणि थोडा लसूणघास हवा.

मारवाडीचे कान वळलेले असतात, टोकं एकमेकांना लागतात, त्यामुळे टोकाकडे बघून राग कळत नाही. कानाच्या बुडाकडे बघा. बूड पुढे-मागे सैल फिरतंय तोवर ती ऐकतेय, बूड मागे घट्ट दाबून बसलं की मागे सरका.

मोरखीवर शिकवायचं ते असं : दोन पावलं चालवायचं, थांबायचं, लीड सैल सोडायचा. परत दोन पावलं. थांबली की खांद्याला हात, आणि उभं राहायचा वेळ पाच सेकंदांवरून हळूहळू वाढवत न्यायचा. पाय आपटला तर ओरडायचं नाही, चालवत न्यायचं आणि परत थांबवायचं. खूर उचलून घ्यायची सवय रोज लावा, कारण यात्रेत गिऱ्हाईक आधी खूर आणि दात बघतं. चाबुकस्वाराला हे पटत नसेल तर दुसरा माणूस बघा, आमच्याकडे शांत हाताचे जुने मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे, अजून आहेत, त्यांच्याकडे दोन दिवस घोडी घेऊन जा.

आणि सारंगखेड्याच्या गर्दीची तयारी घरूनच करा. दत्त जयंतीला म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला तिथे तापीकाठी यात्रा सुरू होते, त्यानंतर बरेच दिवस लाउडस्पीकर, ढोल, मोबाइल, अनोळखी हात. अडीच वर्षांची घोडी पहिल्यांदाच हे बघणार. आधी बाजाराच्या दिवशी गावात लांबून फिरवून आणा, एकदोन ओळखीच्या माणसांना परक्यासारखं येऊन हात लावायला सांगा. यात्रेत ती ज्या घोड्याला ओळखते तो शेजारी बांधा, मागून कुणाला येऊ देऊ नका, आणि दुपारी दोन तास कनात लावून तिला कुणी हात न लावता उभं राहू द्या. दोन तास गिऱ्हाईक आलं नाही तरी चालेल. संध्याकाळी ती ताजी असली तर चाल आपोआप चांगली दाखवते.

प्रश्न : घोडा हातात धरून शिकवताना गूळ किंवा गाजर द्यावं का? माझा घोडा खाऊ मिळाला की शहाणा, नाही मिळाला की खिसा ओढतो आणि कान मागे टाकतो.
– पुण्याची एक वाचक

उत्तर : द्या, पण खिशातून नको. घोडं खिशाचा वास घेत हाताशी आलं आणि त्याच वेळी आपण दिलं तर त्याला वाटतं की ओढल्याने मिळतं, आणि मग नाही मिळालं की चिडतं. खाऊ कमरेला बांधलेल्या झाकणाच्या पिशवीत ठेवा, त्याने मान सरळ पुढे ठेवली, तोंड तुमच्यापासून लांब नेलं की तेव्हाच, हात पूर्ण लांब करून त्याच्या तोंडासमोर द्या, म्हणजे त्याला तुमच्याकडे वळावं लागत नाही. शेवटचं गाजर बादलीत टाका. गुळाचा अगदी बारीक खडा पुरतो, वयस्क किंवा जाडजूड घोड्याला गूळ नकोच, अति साखरेने खुरांचा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली दुखरी सूज, होऊ शकतो, त्याला काकडी किंवा गाजराची पातळ चकती द्या. खिसा ओढायची सवय मोडायला दोनेक आठवडे खाऊ पूर्ण बंद करून फक्त खाजवण्यावर भागवलं तरी चालतं.